औषधांचं पेटंट, कायद्यातलं एक कलम आणि बाहेर पडलेली माणसं

१९७० सालच्या भारतीय पेटंट कायद्यातलं पाचवं कलम वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्याचा मतलब असा: अन्न, औषधं आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पेटंट मिळेल ते बनवण्याच्या पद्धतीवर, खुद्द पदार्थावर नाही. एखाद्या कंपनीने नवं औषध शोधलं आणि ते एका मार्गाने बनवलं, तर दुसऱ्या मार्गाने तेच औषध बनवून विकायला इतरांना आडकाठी नाही. पद्धतीवरच्या पेटंटची मुदतही आखूड. इतर क्षेत्रांत चौदा वर्षं, औषधांत मात्र अर्जापासून सात किंवा मंजुरीपासून पाच, यांतली जी आधी संपेल ती. हा कायदा २० एप्रिल १९७२ रोजी लागू झाला.

त्या काळात भारतातल्या औषध बाजाराचा दोन-तृतीयांशाहून मोठा हिस्सा परदेशी कंपन्यांकडे होता. आज चित्र उलटं आहे. देशातल्या बाजारात भारतीय कंपन्यांचं वर्चस्व आहे, औषधांची निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे ३० अब्ज डॉलरपर्यंत गेली, आणि जगात विकल्या जाणाऱ्या जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेल्या त्याच औषधांपैकी नगांच्या हिशेबात सुमारे पाचवा हिस्सा इथून जातो. उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत ज्ञानातून वाढ कशी होते हे समजून घ्यायला याच्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. त्याची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती मात्र मला पुरेशी वाटत नाही.

नेहमीची गोष्ट अशी: औषधांवरचं पेटंट रद्द केलं, नक्कल सुरू झाली, उद्योग उभा राहिला. कोणी हे कौतुकाने सांगतं, कोणी नाक मुरडून. दोघांचंही गणित एकच, की कायदा बदलला आणि बाकीचं आपोआप झालं. हे खरं असेल, तर ब्राझीलचं काय झालं याचं उत्तर द्यावं लागतं. ब्राझीलने औषध-पदार्थांवरचं पेटंट १९४५ सालीच बंद केलं होतं, म्हणजे आपल्या पंचवीस वर्षं आधी. १९६९ मध्ये तर पद्धतींवरचंही काढून टाकलं. भारतापेक्षा श्रीमंत देश, मोठी बाजारपेठ, कायदा आपल्याहून सैल. तरीही औषधांचा मूळ घटक, ज्याला या धंद्यात बल्क ड्रग म्हणतात, तो बनवणारा मोठा उद्योग तिथे उभा राहिला नाही. पुढे एड्सवरची औषधं सरकारी कारखान्यात बनवायला ब्राझीलने घेतली, तेव्हा त्यासाठी लागणारा कच्चा माल मोठ्या प्रमाणात भारतातून जात होता.

म्हणजे दार दोन्हीकडे उघडं होतं. आत शिरणारी माणसं एकीकडे होती, दुसरीकडे फारशी नव्हती.

ही माणसं आली कुठून, हे पाहायला १९७० च्या मागे जावं लागतं. स्वातंत्र्यानंतर पेटंटचा जुना, १९११ चा इंग्रजी अमदानीतला कायदाच चालू राहिला होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्याकडे त्याचा आढावा घेण्याचं काम सोपवलं गेलं. त्यांचा १९५९ चा अहवाल आजही वाचावा असा आहे. त्यातली दोन निरीक्षणं कळीची. भारतात दिलेल्या पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परदेशीयांची होती, आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक भारतात वापरलीच जात नव्हती. आपण मक्तेदारी देत होतो आणि बदल्यात कारखानाही मिळत नव्हता. साधारण त्याच सुमारास अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा काही अँटिबायोटिक्सच्या भारतातल्या किमती जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी निघाल्या. गरीब देश, आणि औषध सर्वात महाग.

अय्यंगारांनी सुचवलेला तोडगा त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थांवर पेटंट नव्हतं, पद्धतीवर होतं. जर्मन रंग आणि औषध कंपन्या वाढल्या त्या या कायद्याखाली. जर्मनीने पदार्थ-पेटंट सुरू केलं १९६८ मध्ये, जपानने १९७६ मध्ये, इटलीने १९७८ मध्ये. घरचा उद्योग भक्कम झाल्यावर. नंतर भारतावर 'चोरी'चा आरोप झाला तेव्हा ही तारखांची यादी कोणी पुढे करत नसे, हे जाता जाता.

कायद्याच्या आधीची दुसरी तयारी मात्र कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत चालली होती, आणि माझ्या मते या प्रकरणाचा कणा तोच आहे. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. तिथल्याच शास्त्रज्ञांनी पुढे बुरशीवर चालणारं एक नवं अँटिबायोटिक शोधलं आणि कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'हॅमायसिन' असं नाव दिलं. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल, म्हणजे इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, ही दुसरी सरकारी कंपनी स्थापन झाली. अँटिबायोटिक्स ऋषिकेशला आणि रासायनिक औषधं हैदराबादला, अशी वाटणी. सोव्हिएत तंत्र जुनाट आहे अशी टीका तेव्हाही होत होती आणि ती खोटी नव्हती. पण जुनाट यंत्रणेवर काम करणाऱ्या माणसाला ती दुरुस्त करत राहावी लागते, आणि तसं करता करता तो शिकतो.

याच्या जोडीला सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा होत्या: पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासूनची; लखनौची औषध संशोधन संस्था १९५१ ची; हैदराबादची प्रादेशिक प्रयोगशाळा, जी पुढे आयआयसीटी झाली. आणि माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जिथे रसायनशास्त्राच्या पोरांना पंप, वाफ आणि उष्णतेचा हिशेब शिकवला जाई. शुद्ध रसायनज्ञ आणि शुद्ध इंजिनिअर या दोघांच्या मधला जो माणूस कारखान्याला हवा असतो, तो तिथे तयार होत होता.

आता 'दुसऱ्या मार्गाने बनवणं' म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' हा शब्द इतका सैलपणे वापरला जातो की ऐकणाऱ्याला वाटतं, गोळी फोडली, आत काय आहे पाहिलं आणि तसंच केलं. आत काय आहे हे पेटंटमध्येच छापलेलं असतं. त्यात गुपित काही नाही. मेख पुढे आहे.

समजा एखादं औषध साध्या रसायनापासून दहा टप्प्यांत बनतं. दर टप्प्याला उतारा, म्हणजे घातलेल्या मालातून हाती लागणारा हिस्सा, ८० टक्के मिळाला, तर शेवटी सुरुवातीच्या शंभर भागांतले साधारण ११ हाती लागतात. प्रत्येक टप्प्यात दहा टक्क्यांची भर घालून उतारा ९० वर नेला, तर शेवटी ३५ भाग मिळतात. तेवढ्याच कच्च्या मालातून तिपटीहून जास्त औषध! टप्पे दहाऐवजी सात केले तर आणखी. स्वस्त औषध म्हणतात ते मुख्यतः इथून येतं. स्वस्त मजुरी हे त्याचं अर्धंमुर्धं कारण, कारण या कारखान्यांत मजुरीपेक्षा द्रावक, रसायनं आणि वाया जाणारा माल यांचा खर्च मोठा असतो.

आणि हा उतारा कागदावर वाढत नाही. काचेच्या एक लिटरच्या चंबूत जी प्रक्रिया गुण्यागोविंदाने चालते, ती दोन हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये घातली की अंगावर येते. कारण साधं आहे. भांडं मोठं झालं की आतला माल घनफळाच्या हिशेबाने वाढतो, पण उष्णता बाहेर टाकणारी भिंत तेवढी वाढत नाही. दर लिटरमागे वाट्याला येणारी भिंत चंबूच्या तुलनेत बारापट कमी होते. जी उष्णता चंबूत नकळत हवेत जायची ती आता आतच साठते, तापमान चढतं, नको ते उपपदार्थ तयार होतात, बॅच काळी पडते. कधी त्याहून वाईट. मग आम्ल किती सावकाश सोडायचं, ढवळणी किती वेगाने फिरवायची, स्फटिक बनताना थंड कसं करायचं म्हणजे ते गाळणीत अडकणार नाहीत, हे सगळं बॅचमागून बॅच शिकावं लागतं. पेटंटच्या कागदात यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं. ते माणसाच्या हातात असतं, आणि माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर जातं.

पाचव्या कलमाची खुबी मला इथे दिसते. पदार्थ मोकळा ठेवला, पण पद्धतीवरचं पेटंट शिल्लक ठेवलं. त्यामुळे मूळ कंपनीचा मार्ग जसाच्या तसा उचलणं निदान काही वर्षं धोक्याचं होतं. वेगळा मार्ग शोधणं भाग होतं. बाजारात शिरायचं तिकीटच रसायनशास्त्र ठरलं. ब्राझीलने पद्धतींवरचंही पेटंट काढून टाकलं, तेव्हा हा दट्ट्याही गेला. ब्राझीलचा उद्योग न वाढण्याचं हे एकमेव कारण असं मी म्हणणार नाही, पण त्याचा काही वाटा असावा असं मला वाटतं.

माणसं कशी फिरली याचं सर्वात परिचित उदाहरण के. अंजी रेड्डी यांचं. आंध्रातल्या हळदीच्या शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा मुंबईत यूडीसीटीत शिकला, पुण्यात एनसीएलमध्ये त्याने पीएचडी केली आणि १९६९ च्या सुमारास हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये नोकरीला लागला. पाच-सहा वर्षांनी ती नोकरी सोडली, भागीदारीत दोन कंपन्या काढून पाहिल्या आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज सुरू केली. त्यांच्या हाताखाली किंवा बरोबरीने काम केलेल्यांपैकी मुरली दिवी यांनी पुढे दिवीज काढली, पार्थसारधी रेड्डी यांनी हेटेरो. या दोन्ही आज जगभर माल विकणाऱ्या कंपन्या आहेत. हैदराबादच्या आसपासच्या बल्क ड्रग कारखान्यांची वंशावळ काढायला बसलात, तर बऱ्याच फांद्या खाली आयडीपीएलच्या बुंध्याला येऊन मिळतात.

आणि बुंध्याचं काय झालं? आयडीपीएल १९९२ मध्ये आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचीही त्याच दशकात तीच गत झाली. सरकारी कारभार, जुनं तंत्र, किंमत नियंत्रण, जी कारणं दिली जातात ती सगळी खरी आहेत. सार्वजनिक उद्योग कसे बुडतात याचं उदाहरण म्हणून या दोन कंपन्यांची नावं हमखास घेतली जातात. पण आयडीपीएलच्या ताळेबंदात तिचा सर्वात मौल्यवान माल कधी दिसलाच नाही, कारण तो संध्याकाळी फाटकातून घरी जायचा आणि एक दिवस परत यायचा नाही. तोटा कंपनीच्या खात्यावर, नफा गावभर. अर्थशास्त्रात याला भारदस्त शब्द आहेत. मला एवढंच दिसतं, की असा खर्च कोणी खासगी भांडवलदार आपण होऊन करणार नव्हता. शिकवलेला माणूस उद्या शेजारी दुकान थाटणार हे ठाऊक असताना कोण शिकवेल?

सत्तरच्या दशकातल्या बाकीच्या धोरणांवर फार रेंगाळण्याचं कारण नाही, पण ती नोंदवायला हवीत. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी मालकीला ४० टक्क्यांची वेसण आली. औषध उद्योगावरच्या १९७५ च्या सरकारी हाथी समितीनंतर १९७८ चं औषध धोरण आलं आणि नुसत्या गोळ्या न बांधता मूळ औषधही इथे बनवा असा आग्रह सुरू झाला. १९७९ च्या आदेशाने ३४७ बल्क ड्रग्जच्या किमती बांधल्या गेल्या. किंमत वर नेता येत नाही म्हटल्यावर नफ्याची एकच वाट उरली, खर्च खाली आणणं, आणि खर्च खाली आणणं म्हणजे पुन्हा उतारा. हे कोणी ठरवून साधलं होतं असं वाटत नाही. त्याच धोरणांनी अनेक चांगली औषधं बाजारातून गायबही केली.

परिणाम दिसायला दशक गेलं. १९८१ मध्ये बाहेर आलेलं पित्तावरचं रॅनिटिडीन १९८५ च्या सुमारास भारतीय कंपन्या बनवू लागल्या. चार-पाच वर्षांचं अंतर हे जणू ठरूनच गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याहून लक्षवेधी घटना घडली. एली लिली या अमेरिकी कंपनीच्या सेफॅक्लोर या अँटिबायोटिकसाठी रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीने स्वतःची वेगळी, पेटंटच्या आड न येणारी पद्धत बसवली. हे औषध बनवायला विलक्षण किचकट. लिलीने भांडण्याऐवजी रॅनबॅक्सीशी भागीदारीत कंपनी काढली. नकलाकाराशी कोणी अशी सोयरीक करत नाही.

दरम्यान अमेरिकेत १९८४ चा हॅच-वॅक्समन कायदा झाला होता. त्यानुसार जेनेरिक कंपनीला सगळ्या चाचण्या नव्याने करायची गरज उरली नाही. आपलं औषध शरीरात मूळ औषधासारखंच शोषलं जातं एवढं दाखवलं की परवाना. जगातली सर्वात मोठी बाजारपेठ खुली झाली, आणि ज्यांच्याकडे स्वस्त मूळ औषध होतं ते तिथे पोहोचले. घरच्या मैदानावर घटवलेलं कसब परदेशात डॉलर मिळवू लागलं. आज अमेरिकेबाहेर अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता असलेले सर्वाधिक कारखाने भारतात आहेत. हिमाचल प्रदेशातल्या बद्दीसारखी काही केंद्रं मात्र ज्ञानापेक्षा करसवलतीने वाढली, त्यांना या गोष्टीत घुसवू नये.

फेब्रुवारी २००१ मध्ये हे सगळं जगाच्या नजरेत आलं. एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत होते. सिप्ला या भारतीय कंपनीच्या युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. दिवसाला एक डॉलरहून कमी. बातमी किमतीची झाली. मला त्याइतकीच महत्त्वाची वाटते ती गोळी. स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरॅपिन या तीन औषधांची पेटंटं तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती, त्यामुळे ती एका गोळीत घालणं पेटंट असलेल्या देशांत कोणालाच सहज शक्य नव्हतं. भारतात ते शक्य होतं. सिप्लाची ट्रायोम्यून सकाळी एक, संध्याकाळी एक घेतली की झालं. जिथे डॉक्टर मैलोन्‌मैल नाही, घड्याळ बघून मूठभर गोळ्या घ्यायची सोय नाही, तिथे ही जोडगोळी नव्हे, तिगोळी, हाच उपचार ठरला. यात नवा रेणू एकही नाही. तरी याला नवनिर्मिती म्हणायचं नसेल तर तो शब्द आपण फार आखूड मापाने वापरतो आहोत.

इथेही थोडं मागे पाहावं. एड्सवरचं पहिलं औषध झिडोव्ह्युडीन बनवण्याची पद्धत हैदराबादच्या आयआयसीटीमध्ये ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने बसवली आणि सिप्लाने ते १९९३ मध्येच बाजारात आणलं होतं. म्हणजे २००१ च्या स्फोटामागे सार्वजनिक प्रयोगशाळेतलं काम आठ वर्षं आधीचं. आणि ही आठ वर्षंही काही सांगतात: औषध होतं, पण ज्यांना हवं होतं त्यांच्या खिशात पैसे नव्हते. ज्ञानाला गिऱ्हाईक लागतं. ते उभं राहिलं २००२ च्या ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीमुळे आणि २००३ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेच्या 'पेपफार' या एड्ससाठीच्या मदत योजनेमुळे. त्यानंतर २००३ ते २००८ या काळात गरीब देशांसाठी देणगीच्या पैशातून घेतलेल्या एचआयव्हीच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतातून गेली.

१ जानेवारी २००५ ला पाचवं कलम इतिहासजमा झालं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार दहा वर्षांची सवलत संपली आणि पदार्थ-पेटंट परत आलं. उद्योग कोलमडेल असं भाकीत करणारे पुष्कळ होते. कोलमडला नाही, कारण तोवर शिकायचं ते शिकून झालं होतं. संसदेने नव्या कायद्यात ३(ड) हे कलम घातलं: माहीत असलेल्या रेणूच्या नुसत्या नव्या रूपाला, परिणामात खरी सुधारणा नसेल तर, पेटंट नाही. याच कलमावर ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी ते बनवणारी नोव्हार्टिस ही कंपनी हरली. हे कलम सुचायला आणि लढवायला रसायनशास्त्र कळणारे वकील आणि परीक्षक लागतात. तेही याच पन्नास वर्षांतले.

आता खर्चाची बाजू. हैदराबादजवळच्या पटणचेरू-बोल्लारम पट्ट्यातल्या लोकांनी ही वाढ विहिरीच्या पाण्यातून पाहिली. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं; औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. औषधाला न जुमानणारे जंतू वाढवायला याहून चांगली जागा नाही. स्वस्त औषधाच्या किमतीत हा खर्च कधीच धरला गेला नाही. कितपत स्वस्त, हा प्रश्न म्हणून उरतोच.

दुसरी बाजू दर्जाची. २०१३ च्या मे महिन्यात रॅनबॅक्सीने अमेरिकेत खोटी आकडेवारी आणि भेसळयुक्त औषधांबद्दल गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. सेफॅक्लोरची पद्धत बसवणारी हीच कंपनी. उतारा वाढवण्याचं ज्ञान आणि नोंदवही खरी ठेवण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडे झपाट्याने पसरली, कारण तिला बाजारात भाव होता.

तिसरी उणीव सर्वात जास्त चर्चिली जाते: नवा रेणू. नगांच्या हिशेबाने भारतीय उद्योग जगात तिसरा आणि पैशांच्या हिशेबाने तेरावा-चौदावा, यातच सगळं आलं. प्रयत्न झाले. डॉ. रेड्डीजने मधुमेहावरचा स्वतःचा रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला परवान्यावर दिला होता. २००२ मध्ये प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि चाचण्या थांबल्या. झायडस या भारतीय कंपनीचं सॅरोग्लिटाझार २०१३ मध्ये भारतात मंजूर झालं, ते मोजक्या यशांपैकी. पद्धत शोधण्यात अपयश आलं तर एक बॅच जाते; रेणू शोधण्यात अपयश आलं तर दहा वर्षं जातात. ती जोखीम पेलायला लागणारा पैसा आणि पायाभूत विज्ञान आपल्याकडे नाही. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळ. सत्तरच्या दशकातली पिढी ज्या संस्थांतून आली, त्यांच्या तोडीचं दुसरं बियाणं आपण नंतर पेरलं नाही.

आणि जे येत होतं तेही थोडं विसरलो. पेनिसिलिन-जी हा अनेक अँटिबायोटिक्सचा मूळ माल. तो रसायनशास्त्राने नव्हे तर किण्वनाने बनतो: मोठ्या टाक्या, बुरशी, साखर, सतत हवा, आणि दूषित होऊ न देण्याचं डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं तंत्र. भारतात त्याचे कारखाने होते. नव्वदच्या दशकापासून चिनी माल इतका स्वस्त येऊ लागला की इथल्या टाक्या एकामागून एक बंद पडल्या. बल्क ड्रग आणि त्यांच्या आधीच्या टप्प्यांवरच्या मालाच्या आयातीपैकी सुमारे ७० टक्के चीनमधून येतो. २०२० मध्ये साथीने पुरवठा अडला तेव्हा सरकारने या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. त्यातून आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना २०२४ मध्ये उभा राहिला.

पिंपरीत १९५५ पासून जिथे पेनिसिलिन बनत होतं, त्या कंपनीची मोकळी जमीन विकून देणी भागवायची असं केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलं.